पशुवैद्यकाची नोंदणी: मिळाल्यानंतर ती जपावी कशी

शिरवळच्या, परळच्या किंवा उदगीरच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन, इंटर्नशिप पुरी करून दरवर्षी बरीच तरुण मंडळी पुण्यात येतात. कोणी बाणेर-कोथरूडकडे कुत्र्यामांजरांचा दवाखाना टाकतात, तर कोणी मुळशी, हवेली, दौंडच्या पट्ट्यात दुचाकीवरून गोठे फिरू लागतात. जागा, टेबल, ऑटोक्लेव्ह, बाहेरची पाटी यांची तयारी चोख असते. मात्र ज्या एका कागदावर हा सारा व्यवसाय उभा असतो, तो राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी दाखला पहिल्याच महिन्यात कपाटात जातो आणि पुढे कोणीतरी मागितला की त्याची शोधाशोध सुरू होते. नव्याने व्यवसायात उतरणाऱ्यांना ही नोंदणी कशी सांभाळावी ते क्रमाने कळावे, म्हणून हे लिहीत आहे.

आधी एक फरक मनात पक्का करावा. पदवी विद्यापीठ देते. व्यवसाय करण्याचा अधिकार मात्र परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्यामुळे मिळतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाला चार गोष्टींचा अधिकार आहे: सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या पशुवैद्यकीय पदावर काम करणे, पशुवैद्यकीय व्यवसाय करणे, कायद्याने आवश्यक असलेल्या पशुवैद्यकीय दाखल्यांवर सही करणे, आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देणे. यातला दुसरा अधिकार सगळ्यांच्या लक्षात राहतो. नोंदणी धोक्यात येते ती बहुतेक वेळा तिसऱ्यामुळे, आणि त्याची परीक्षा होते चौथ्याच्या वेळी. त्यामुळे या लेखात मी सहीविषयी सर्वांत जास्त लिहिणार आहे.

पहिली पायरी: दाखला हातात पडताच तपासणे

इंटर्नशिपसाठी मिळालेली तात्पुरती नोंदणी ही कायम नोंदणी नव्हे. पदवी प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा जोडून महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे कायम नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. परिषदेचे कार्यालय नागपूरला आहे. पुण्यात औंधला पशुसंवर्धन आयुक्तालय आहे म्हणून नोंदणीचे कामही तिथेच होत असेल, असे समजून अनेक जण तिकडे चकरा मारतात. आयुक्तालय हा शासनाचा विभाग आहे आणि परिषद ही कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र संस्था आहे, हे लक्षात ठेवले तर एक-दोन दिवस वाचतात.

दाखला आला की तो फ्रेममध्ये घालण्यापूर्वी पदवी प्रमाणपत्र शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव, जन्मतारीख, पदवीचे वर्ष आणि नोंदणी क्रमांक या पाच गोष्टी जुळल्याच पाहिजेत. एका अक्षराची चूक आज किरकोळ वाटते, पण सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीच्या वेळी तीच आडवी येते, आणि त्या दिवशी नागपूरहून दुरुस्ती करून आणायला सवड नसते. चूक दिसली तर त्याच आठवड्यात लेखी अर्ज करावा.

दुसरी पायरी: नूतनीकरणाची तारीख

राज्य नोंदवहीत नाव कायम ठेवण्यासाठी दर पाच वर्षांनी नूतनीकरण शुल्क भरावे लागते. मुदतीत शुल्क न भरल्यास निबंधक नोंदवहीतून नाव काढू शकतात. शुल्क भरून ते पुन्हा दाखल करून घेता येते, परंतु मधल्या काळात तुम्ही नोंदणीकृत नसता. हा मधला काळ हीच खरी अडचण आहे. त्या काळात लिहिलेले प्रत्येक औषधपत्र आणि सही केलेला प्रत्येक दाखला पुढे वादात सापडू शकतो.

माझ्यावर ही वेळ आली होती. सातारा रस्त्यावरचे भाड्याचे घर सोडून मी कर्वेनगरला राहायला गेलो; वीजबिल, बँक, गॅस या सगळीकडे नवा पत्ता दिला आणि परिषदेला कळवायचे राहून गेले. मुदत संपली, पुढचे चार महिने मी नेहमीसारखे काम करत राहिलो आणि एका प्रकरणात नूतनीकरणाचा दाखला जोडायला सांगितल्यावर तारीख पाहून माझ्या पायाखालची जमीन सरकली. विलंबासह शुल्क भरून नाव पुन्हा लागले, पण त्या चार महिन्यांतले सात दाखले मला संबंधितांना स्वतः जाऊन सांगून दुसऱ्या पशुवैद्यकाकडून नव्याने तपासून घ्यावे लागले. त्यातल्या एका शेतकऱ्याने शांतपणे विचारले, "डॉक्टरसाहेब, मग त्या दिवशी तुमची सही चालत नव्हती का?" या प्रश्नाला 'हो' हे एकच उत्तर होते.

तेव्हापासून मी मुदतीची तारीख तीन ठिकाणी लिहितो: दवाखान्यातल्या दाखल्याच्या प्रतीवर लाल शाईने, मोबाइलमध्ये सहा महिने आधीच्या आठवणीसह, आणि घरी पत्नीच्या विम्याच्या वहीत. परिषदेकडून पत्र येईल, संदेश येईल या भरवशावर राहू नये. शुल्क किती आणि ते कसे भरायचे हे वेळोवेळी बदलते, म्हणून जुन्या सहकाऱ्याने सांगितलेली रक्कम न धरता त्या वर्षीची परिषदेची सूचना पाहावी. पैसे भरल्याची पावती आणि नूतनीकरणाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत. नूतनीकरण झाल्याचा पुरावा दाखला हा आहे; तो हाती येईपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये.

तिसरी पायरी: बदल कळवणे

पत्ता बदलला, लग्नानंतर नाव बदलले, पदव्युत्तर पदवी मिळाली किंवा दुसऱ्या राज्यात कायमचे जायचे ठरले, तर परिषदेला लेखी कळवावे. नाव बदलणाऱ्या भगिनींना माझा आग्रहाचा सल्ला आहे की, औषधपत्रावर, शिक्क्यावर आणि नोंदवहीत एकच नाव असू द्यावे. परिषदेत बदल होईपर्यंत जुन्याच नावाने सही करावी. पदव्युत्तर पदवीची नोंद झाल्याशिवाय ती पाटीवर लिहू नये. बेळगाव किंवा गोव्याकडे व्यवसाय हलवणाऱ्यांसाठी कायद्यात नोंदणी एका राज्याच्या वहीतून दुसऱ्या राज्याच्या वहीत हस्तांतरित करण्याची तरतूद आहे, तिचा वापर करावा. याहून जास्त काही या पायरीत नाही.

चौथी पायरी: सही

दाखला म्हणजे साक्ष असते. "मी हे जनावर, या तारखेला, या ठिकाणी स्वतः पाहिले आणि मला हे आढळले," असे तुम्ही सही करून सांगत असता, आणि ते वाक्य पाच वर्षांनी शिवाजीनगरच्या न्यायालयात तुमच्यासमोर वाचून दाखवले जाऊ शकते. तज्ज्ञाच्या मताविषयी पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम 45 होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 39 लागू आहे. कलम बदलले तरी उलटतपासणीतला पहिला प्रश्न तोच असतो: तुम्ही स्वतः पाहिले होते का?

पौडच्या बाजूला एका गोठ्यावर रात्रीतून म्हैस दगावली होती आणि विम्याच्या दाव्यासाठी शवविच्छेदनाचा दाखला हवा होता. कान शेणामातीने माखलेला होता. ओल्या फडक्याने पुसून पिवळ्या बिल्ल्यावरचे बारा आकडे मी मोठ्याने वाचले आणि मालकाच्या मुलाने ते विम्याच्या कागदावर ताडून पाहिले, तेव्हा शेवटचे दोन आकडे जुळेनात. मालक म्हणाले, "म्हैस हीच आहे डॉक्टरसाहेब, साऱ्या गावाला ठाऊक आहे. कागदावरचाच नंबर टाका ना." माणूस खोटे बोलत नव्हता, हे मलाही दिसत होते. तरीही मी कानात वाचलेला क्रमांक लिहिला, विमापत्रावरच्या क्रमांकाशी तो जुळत नसल्याचे एका वाक्यात नोंदवले, शिंगांची ठेवण, कपाळावरचा पांढरा ठिपका आणि अंदाजे वय लिहिले आणि बिल्ला स्पष्ट दिसेल असे छायाचित्र जोडले. दावा रखडला आणि त्या घराची नाराजी मला सोसावी लागली. पुढे उलगडा झाला तो असा: एकाच दिवशी त्या गोठ्यातल्या दोन म्हशींना लागोपाठच्या क्रमांकांचे बिल्ले मारले होते आणि कागद तयार करताना दोघींचे क्रमांक उलटसुलट झाले होते. मी कागदावरचा क्रमांक लिहिला असता, तर दावणीला रवंथ करत उभी असलेली दुसरी म्हैस माझ्या सहीने मृत ठरली असती. दोन्ही बिल्ल्यांची छायाचित्रे पाहून दावा अखेर मंजूर झाला.

शहरातली विनंती वेगळ्या शब्दांत येते. परदेशी निघालेले कुटुंब कुत्र्याला घेऊन येते आणि म्हणते, "सर, लस आज द्या, पण तारीख मागच्या महिन्याची टाका." युरोपीय देशांसाठी आधी मायक्रोचिप आणि मग रेबीजची लस असा क्रम लागतो, भारतातून जाणाऱ्या प्राण्याचे लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त घेऊन प्रतिपिंडांची चाचणी मान्य प्रयोगशाळेत करावी लागते आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. या मुदतींमागे कारण आहे: रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत आठवडे, कधी महिने जातात, आणि लस देण्यापूर्वीच संसर्ग झालेला असेल तर तो या काळात उघड व्हावा. मागची तारीख टाकणे म्हणजे ही चाळणीच काढून टाकणे. विमानाचे तिकीट निघालेले असते, मुले रडवेली झालेली असतात, आणि नाही म्हणणे जड जाते, म्हणून पहिल्याच भेटीत "परदेशी जायचा विचार आहे का?" असे विचारून हे वेळापत्रक कागदावर लिहून देण्याची सवय लावावी. निर्यातीचा अंतिम आरोग्य दाखला शासनाच्या पशु संगरोध व प्रमाणन सेवेचे अधिकारी देतात. पण त्यांच्या दाखल्याचा पाया तुमच्या लसीकरण कार्डावरची नोंद हाच असतो.

तिसरा मोह याहून साधा दिसतो आणि याहून घातक असतो. गावोगाव कृत्रिम रेतन आणि प्रथमोपचार करणारी मंडळी नव्या डॉक्टरकडे येतात आणि म्हणतात, "साहेब, दहा लेटरहेडवर सही-शिक्का करून ठेवा, तुमचा हेलपाटा वाचेल." कायद्यात पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना किरकोळ सेवा देण्याची परवानगी राज्य शासन देऊ शकते, परंतु ती नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनाखाली. कोऱ्या कागदावरची सही ही देखरेख नव्हे. या सहकाऱ्यांशी संबंध जरूर चांगले ठेवावेत, कारण रात्री दोन वाजता अडलेल्या गाईची पहिली बातमी तेच देतात. मात्र शिक्का स्वतःच्या बॅगेत आणि लेटरहेड कुलपात असू द्यावे.

पाचवी पायरी: वही

दाखल्यांसाठी पाने क्रमांकित असलेली एक जाडजूड वही करावी. अनुक्रमांक, तारीख आणि वेळ, मालकाचे नाव व गाव, जनावराची जात, लिंग, वय, बिल्ल्याचा किंवा चिपचा क्रमांक, तपासणीचे ठिकाण, दाखल्याचे कारण, घेतलेले शुल्क आणि दाखला स्वीकारणाऱ्याची सही, एवढे रकाने पुरतात. चूक झाली तर खाडाखोड न करता एक रेघ मारून, शेजारी बरोबर शब्द लिहून छोटी सही करावी. संगणकावर नोंदी ठेवणाऱ्यांनीही ही वही ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. हाताने लिहिलेल्या सलग नोंदींमध्ये नंतर एखादी ओळ घुसवता येत नाही, आणि त्यामुळेच त्या वहीवर विश्वास बसतो.

सहावी पायरी: औषधपत्र

औषधपत्रावर नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक आणि तारीख छापील किंवा स्पष्ट अक्षरात असावी. दुभत्या जनावराला प्रतिजैविक दिले तर दूध किती दिवस घालायचे नाही हे त्याच कागदावर मराठीत लिहावे. औषधाच्या वेष्टनावर विशिष्ट कालावधी दिलेला नसेल, तर औषध नियमांनुसार दूध व अंड्यांसाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी किमान 28 दिवस धरायचे असतात. कासदाहाच्या उपचारानंतर तोंडी सांगितलेले गोठ्यातल्या गडबडीत विसरले जाते आणि दूध डेअरीला जाते. कागदावर लिहिलेले असेल तर घरातले कोणीतरी वाचते.

बंदी घातलेल्या औषधांची यादी दवाखान्याच्या भिंतीवर लावावी आणि ती दर सहा महिन्यांनी पाहावी. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक या वेदनाशामकावर 2006 मध्ये बंदी आली, कारण ते औषध दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन या प्रतिजैविकावर 2019 मध्ये, तर जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक या वेदनाशामकांवर 2023 मध्ये बंदी आली. "माणसांच्या दुकानातली बाटली आणतो" असे मालक सुचवतो तेव्हा नकार देऊन मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक लिहावे. भुलीच्या केटामाइनसारख्या कडक नियंत्रणाखालील औषधांचा हिशेब बाटल्यांच्या संख्येत न ठेवता मिलिलिटरमध्ये ठेवावा.

सातवी पायरी: रोगाची खबर

प्राण्यांमधील संक्रामक आणि सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 खासगी पशुवैद्यकालाही बांधतो. लाळ्या खुरकूत, रेबीज, फाशी म्हणजे अँथ्रॅक्स, ग्लँडर्स, ब्रुसेलोसिस अशा अनुसूचित रोगाची शंका आली तरी जवळच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावे. खात्री होण्याची वाट पाहू नये. दूरध्वनी केल्यानंतर लेखी पत्र द्यावे आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. पुण्यातल्या मंडळींना एक सोय आहे: नमुने तपासणारा रोग अन्वेषण विभाग औंधलाच आहे. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठलेले काळपट रक्त येत असेल, तर शवविच्छेदन मुळीच करू नये. हवेचा संपर्क येताच फाशीच्या जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत दशकानुदशके टिकतात. विम्यासाठी शवविच्छेदन हवेच असा आग्रह झाला, तरी कानाच्या शिरेतून घेतलेल्या रक्ताची काचपट्टी तपासणीला पाठवून, शवविच्छेदन का केले नाही हे दाखल्यात लिहावे.

दवाखान्याच्या इतर परवानग्या

जैव वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 पशुवैद्यकीय दवाखान्यांनाही लागू आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र घ्यावे, सामायिक प्रक्रिया केंद्राशी करार करावा, सुया पांढऱ्या, आरपार न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात आणि शस्त्रक्रियेत काढलेले अवयव पिवळ्या पिशवीत टाकावेत, आणि वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत पाठवावा. क्ष-किरण यंत्र बसवायचे असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना मिळाल्याशिवाय ते वापरायला घेऊ नये.

अभ्यास

प्रशिक्षण वर्ग, कार्यशाळा आणि परिसंवाद यांची प्रमाणपत्रे तारखेनुसार एका फाइलमध्ये लावावीत. वर्षातून दोन तरी कार्यशाळा मी चुकवत नाही, आणि त्यांत एक विषय मुद्दाम स्वतःच्या रोजच्या कामाबाहेरचा निवडतो. लम्पीची साथ 2022 मध्ये आली तेव्हा गाठी आलेली जनावरे ज्यांनी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती, त्यांना पहिले काही दिवस फार जड गेले. मी त्यांतलाच एक होतो.

तक्रार किंवा नोटीस आली तर

भारतीय पशुवैद्यक परिषदेची 1992 ची व्यावसायिक आचारसंहिता नोंदणी मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यातच वाचून काढावी, कारण तक्रारीची तपासणी तिच्याच कसोटीवर होते. खोटी माहिती देऊन मिळवलेली नोंदणी, गुन्ह्यातील शिक्षा किंवा व्यवसायाला न शोभणारे वर्तन यांमुळे नाव काढले जाऊ शकते. पण त्याआधी तुम्हाला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळते. नोटीस हाती पडताच पाकिटावरचा टपाल शिक्का जपून ठेवावा, उत्तराची शेवटची तारीख ठळक लिहावी आणि त्या प्रकरणाचे सर्व मूळ कागद एका पाकिटात बंद करावेत. त्यात एक अक्षरही नव्याने भरू नये. नोंद अपुरी असेल तर ती अपुरीच सादर करावी आणि उत्तरात तसे मान्य करावे. मालकाला दूरध्वनी करून तक्रार मागे घ्यायची गळ घालू नये. उत्तर दिनांकवार आणि थोडक्यात लिहावे, सोबत दाखल्याच्या वहीतील त्या पानाची साक्षांकित प्रत जोडावी, ते स्पीड पोस्टाने नागपूरला पाठवावे आणि पोचपावती त्याच पाकिटात ठेवावी.